शिवणीतली माया

दोंडाईच्यात स्टेशनरोडला माझं दुकान,
आणि दुकानात छत्तीस वर्षांच्या वह्या.
लाल पुठ्ठ्याच्या, लांबट.
नाव, छाती, खांदा, मुंढा, पूर्ण उंची.
मागची पानं मी उलटत नाही.
माप दरवेळी नवं घ्यावं,
शिकवणाऱ्या मावशीनं असंच सांगितलेलं.

परवा द्वारकाबाई गिरासे आल्या.
गाऊन पुढून पायात येतो म्हणाल्या.
"धुऊन कापड आटतं ना गं,
हा वाढला कसा?"

टेप लावला. साडेएक्कावन्न.
वही काढली. चोपन्न, साल दोन हजार एक.
"तुना टेप खोटा शे,"
त्या हसल्या.
हसून झालं तरी पाठ
वाकलेली ती वाकलेलीच.

रात्री शटर अर्धं ओढून
मी सगळ्या वह्या काढल्या.

द्वारकाबाई: बारा खिडक्यांचं घर, बाराही बंद.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, डोक्यावरून पदर.
गच्चीवरचं सगळं ऊन
त्यांच्या पापडांना मिळालं.

कौतिकबाई: चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली.
बहिणीचीही, त्याच डॉक्टरनं, त्याच आठवड्यात.
पुढच्या पानापासून
दोघींची उंची उतरणीला.

शकिलाबी पिंजारी: घरात तीन म्हशी,
दूध पहाटेच डेअरीला,
हिच्या चहात चमचाभर.

आणि बेबाबाई,
चाळीस वर्षं मिरचीच्या पथारीवर,
उन्हात उकिडवी, डोक्यावर पोती,
तिचं त्रेपन्न अजून त्रेपन्न.
मशेरी तर तीही लावायची.
मनगट मात्र गेल्या दिवाळीत मोडलं,
नुसता पाट उचलताना.
म्हणजे हिशेब सरळ नाहीच.

माझी भाची धुळ्याला डॉक्टर आहे.
फोनवर म्हणाली, मशीनवर झोपवतात,
हाडाचा आकडा येतो. उणे दोन, उणे अडीच.
तिशीपर्यंत हाड भरतं, मावशी,
मग नुसता खर्च.

म्हणजे माया, मी म्हटलं.
तिला कळेना.
अगं, शिवणीच्या आत दोन बोटं
जास्तीचं कापड दुमडून ठेवतो आम्ही,
पुढे कधी उसवून सोडायला.
बाहेरून दिसत नाही.
बेतताना ठेवली तर ठेवली.
ती गप्प झाली.
मला माझ्या आईचं ताट आठवलं,
सगळ्यांच्या मागून वाढलेलं,
कळण्याची अर्धी भाकरी, तव्यावरचा ठेचा,
आणि त्या ताटाशेजारी माझं.

माझं माप कुणी घेतलेलं नाही.
हाताखालच्या सुनंदाला म्हटलं, लाव टेप.
चौकटीला पाठ टेकवली.
पाठ पूर्ण टेकेना.
आकडा तिनं हळू सांगितला,
जणू दुसऱ्या कुणाचा.

पोरानं मशीनला मोटर बसवली
त्याला आठ वर्षं झाली.
तेव्हापासून पाय नुसते दाबतात, चालत नाहीत.
मी पट्टा काढून खुंटीला टांगला.
पहिल्या दिवशी पोटऱ्या इतक्या दुखल्या
की एकच ब्लाउज झाला.

द्वारकाबाईंचा गाऊन कापला नाही.
खालून अडीच इंच आत दुमडून
हातशिलाई घातली.
गेलेलं परत येत नाही, भाचीनंही सांगितलं होतं,
उरलेलं धरायचं, पडायचं नाही.

न्यायला नातू आला, गाडीवरून, हॉर्न वाजवत.
त्याला रिकामा पाठवला.
म्हटलं, आजीला सांग, स्वतः ये,
नऊला, चालत,
ओट्यावर ऊन असतं तेव्हा.
रागावल्या म्हणे.

चौथ्या दिवशी आल्या.
ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या,
पदर मानेवर घसरला तो तसाच ठेवला,
माझ्या टेपला आणखी एक शिवी दिली.
मग उभ्या राहून
गाऊन अंगाला लावून पाहिला.
पायाची दहाही बोटं दिसत होती.